समाधानाची बाटली

लंका सिस्टरांना नावावरून चिडवणारे दवाखान्यात नवीन असतात. जुने त्या वाटेला जात नाहीत. "हे असलं नाव कुणी ठेवलं हो?" असं कुणी विचारलं, की थर्मामीटर झटकत त्या म्हणतात, "आईनं. लंका जाळायला येणाऱ्याची शेपटी आधी पेटती, हे तिला ठाऊक होतं."

बेलापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका छोट्या दवाखान्यात त्या नोकरी करतात. पन्नाशी उलटली आहे. चालणं भरभर, बोलणं सावकाश. तरुणपणी नवरा अपघातात गेला आणि त्यानंतर त्यांना अधूनमधून काहीतरी व्हायला लागलं. घाम फुटायचा, हातापायांना मुंग्या यायच्या, आता जीव जाणार असं वाटायचं. दीर मोटारसायकलवर घालून दवाखान्यात न्यायचा. सलाईन लागायची. शेवटचा थेंब पडला, की जाऊ म्हणायची, "झालं ना? चला, भाकरी टाकायच्यात."

बाटली संपली की आजार संपला, असा घराचा हिशेब. तो संपलेला नाही हे एकट्या लंकाबाईंना कळायचं, आणि ते सांगायची सोय नव्हती. पुढे नगरच्या एका डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं. औषध दिलं, श्वास घ्यायला शिकवलं. बऱ्या झाल्यावर लंकाबाईंनी नर्सिंगला नाव घातलं. हे सगळं त्या कुणालाही सांगतात, गुडघेदुखीबद्दल सांगावं तसं.

या दवाखान्यात एक शब्द रुळलेला आहे, समाधानाची बाटली. पेशंटला तिची गरज नसते, सोबत आलेल्यांना असते. सलाईनमध्ये व्हिटॅमिन सोडलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळी बाटली लटकताना दिसली की नातेवाईक निवांत चहाला जातात. लंका सिस्टर दवाखान्यातलं पडेल ते काम करतात. ही बाटली तेवढी लावत नाहीत.

माझी मावशी न्यूमोनियानं तिथं पडून होती आणि मी सोबतीला होते, तेव्हा एका सकाळी शेजारच्या खाटेवर निकिताला आणलं. लग्नाला वर्षही झालं नसावं. छाती गच्च धरलेली, बोटं वाकडी झालेली, श्वास नुसता वरच्या वर. नवरा हर्षल भाजीचा टेम्पो चालवायचा, त्यातूनच घेऊन आला होता. मागून सासू, बनुबाई.

डॉक्टर सुहासांनी घाई न करता सगळं तपासलं. ईसीजी काढला, रक्तदाब, साखर पाहिली. मग दाराबाहेर जाऊन त्यांनी मायलेकांना समजावलं. हृदयाला धोका नाही. हा भीतीचा झटका आहे, आणि तो खरा आजार आहे. गोळ्या लिहून देतो, नगरला मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा.

बनुबाईंनी त्यातलं 'धोका नाही' एवढंच उचललं.

"म्हंजी काय झालेलं न्हाई. मला वाटलंच हुतं. पाव्हणे आले की हिला हुतंय, काम निघालं की हुतंय. डाक्टर, मी घरून ठरवूनच आलीय. हिची पिशवी टेम्पोत हाय. तुमी बाटली लावली तर आजारी हाय म्हनीन, घरी न्हेईन. न्हाईतर टेम्पो सरळ नेवाशाला, हिच्या बापाच्या दारात. तिकडं कर म्हनावं नाटकं."

हर्षल टेम्पोची किल्ली बोटात फिरवत उभा राहिला.

दार उघडंच होतं. निकितानं सगळं ऐकलं आणि तिचा श्वास पुन्हा चढला. लंका सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या.

"चूल फुंकलीय का कधी?"

निकितानं मान हलवली.

"जोरात फुंकलं तर काय होतं?"

"राख... डोळ्यात."

"मग हळू फुंक. लांब. निखारा लाल राहिला पाहिजे, जाळ नको. घेतेस त्यापेक्षा सोड जास्त."

कितीतरी वेळ दोघी फक्त फुंकत होत्या. मावशीही नकळत फुंकायला लागली. हळूहळू निकिताची बोटं सुटली. बोलण्याइतका दम आल्यावर तिनं सिस्टरांचा हात धरला.

"सिस्टर, मला एक बाटली लावा ना. कसली पन लावा. नुसतं पानी लावा."

"लागत नाही तुला."

"मला न्हाई, त्यांना लागती. न्हाईतर मला सोडतील नेवाशाला. बाबा म्हनतील, काय करून आलीस?"

सिस्टर उठून डॉक्टरांकडे गेल्या. खोली शेजारचीच, आवाज इकडे येत होता.

"लावून टाका हो सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "एका बाटलीनं पोरीचा संसार राहत असेल, तर माझीसुद्धा ना नाही."

"आणि बाटली संपल्यावर, सर? पुढच्या झटक्याला पुन्हा बाटली. बाटली मिळाली नाही तर पुन्हा नाटकी. तिचा आजार आपण दोरीनं स्टँडला बांधून ठेवणार का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी सांगून पाहिलं. माझं ऐकलं नाही त्यांनी. तुम्ही सांगता?"

"सांगते."

सिस्टर बनुबाईंना हाताला धरून निकिताच्या खाटेपाशीच घेऊन आल्या, मागोमाग हर्षलही आला. बनुबाईंची नजर आधी खाटेच्या वर गेली, मग सुनेकडे.

"बाटली कुठंय?"

"लावणार नाही."

"मंग नाटकच हाय की!"

"मला हेच व्हायचं, बनुबाई. दोन वर्षं. बाटल्या लई लागल्या, एकीनंही बरी झाले नाही. गोळ्यांनी झाले. मी नाटकी दिसते का तुम्हाला?"

बनुबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं येगळं. तुमी शिस्टर."

"तेव्हा नव्हते. तेव्हा कुणाची तरी सूनच होते."

बनुबाई अडखळल्या, पण हटल्या नाहीत. "गावात काय सांगू मी? दवाखान्यात न्हेली आन् बाटली बी न्हाई लावली? हसतील लोक. काय बिघडतंय शिस्टर, लावा की येक."

आता सगळे लंका सिस्टरांकडे बघत होते. खोटं बोलायचं नव्हतं, नुसती सुई टोचायची होती. मलासुद्धा वाटलं, लावा की. पोरगी पदराचं टोक पिरगाळत होती.

तेवढ्यात ती उठून बसली. हात तिनं चादरीखाली घेतले.

"नको मला बाटली."

"आगं, मी तुझ्यासाठीच—" बनुबाई म्हणाल्या.

"सोडायचं तर सोडा नेवाशाला, आत्याबाई. पन आजारी म्हनून सोडा. नाटकी म्हनून मी टेम्पोत बसायची न्हाई. चालत जाईन." श्वास चढू लागला तशी ती थांबली, लांब फुंकर सोडली, आणि वाक्य पुरं केलं. "गोळ्या घेऊन जाईन."

हर्षल बाहेर गेला. टेम्पोचा मागचा फाळका वाजला, तशी निकितानं डोळे मिटून घेतले. तो परत आला तेव्हा हातात तिची पिशवी होती. ती त्यानं खाटेखाली सरकवली.

"नगरला कोनत्या डाक्टरला दाखवायचं, सिस्टर?" त्यानं विचारलं. आईकडे त्यानं पाहिलं नाही.

बनुबाई तोंड फिरवून स्टुलावर बसल्या. पुष्कळ वेळानं त्यांनी आपल्या पिशवीतून एक मोसंबं काढलं आणि ते सोलावं की नको अशा विचारात हातात धरून राहिल्या.

दुपारी त्यांच्या गल्लीतली मालनबाई बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला आली. खाटेवर पाहिलं, खाटेच्या वर पाहिलं.

"आगं बाई! सलाईन न्हाई लावली?"

बनुबाईंनी मोसंब्यात नख घातलं. "सगळ्याच आजाराला बाटली लागती व्हय? शिकलेल्या डाक्टरला तू शिकीव आता."

मालनबाईनं बिस्किटाचा पुडा खाटेवर ठेवला. दारात उभ्या असलेल्या लंका सिस्टर वळून निघाल्या. मी मागे गेले, म्हटलं, "बदलल्या की हो सासूबाई."

"छट्. सुनेसाठी नाही बोलली ती, घरच्या अब्रूसाठी बोलली." सिस्टरांनी कोपऱ्यातला सलाईनचा स्टँड ढकलत भिंतीला लावला. "चालेल. सुरुवात कुठून का होईना."