पानावरची पहिली जागा

सिंदेवाहीच्या बाजारओळीत माझं दुकान आहे. सुरुवातीला एक झेरॉक्स मशीन होती, मग ऑनलाइन फॉर्म भरणं आलं, मग व्हिडिओ पाहून पाहून वेबसाइट बनवायला शिकलो. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा समितीने आधी नागपूरच्या एका कंपनीला विचारलं. तिथला भाव ऐकल्यावर त्यांना मी आठवलो. हे मी विसरलेलो नाही.

समितीचे सचिव म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. विहाराच्या ओट्यावर बसून ते भाव पाडत होते, मी चढवत होतो. शेवटी मी म्हटलं, पैसे राहू द्या, पण माझ्या भाचीचा फोटो पानावर सगळ्यात पहिला लागेल. ते म्हणाले, यादी नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे असते, आपण कोणाला वर-खाली करत नाही. मग नागपूरलाच जा, असं म्हणून मी उठलो आणि चपला घातल्या. चपला घालणं हा माझा जुना डाव आहे. समोरचा सहसा फाटकापर्यंत जाऊ देत नाही. त्यांनीही जाऊ दिलं नाही.

भाची कुरखेड्याची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. नर्सिंग शिकलेली. दोन ठिकाणी बोलणं पुढे जाऊन मोडलं होतं आणि बहिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानदाराला ठाऊक असतं की काचेत समोर ठेवलेली वस्तू आधी उचलली जाते. मी भाचीबद्दल असाच विचार केला होता. हे आता लिहितानाही कसंतरी होतं.

मुलींचं पान तसं सोपं होतं. एका ओळीत तीन फोटो, प्रत्येकाखाली नाव, शिक्षण, गाव, घरचा नंबर. पण कोणाची माहिती दोन ओळींत संपायची, कोणाची सहा ओळी चालायची, त्यामुळे चौकटी खालीवर दिसायच्या. मग मी एक युक्ती केली. आधी तिघींचे फोटो सलग लिहिले, नंतर तिघींची माहिती सलग लिहिली, आणि पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या स्टाइलशीटमध्ये ग्रिड लावून ब्राउझरला तीन रकाने पाडायला सांगितलं. वर फोटो, प्रत्येकाच्या बरोबर खाली त्याची माहिती, सगळं एका रेषेत. माझ्या कॉम्प्युटरवर आणि माझ्या मोबाईलवर पान इतकं देखणं दिसत होतं की मी ते येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवत बसलो.

गोम अशी की ग्रिड नव्या ब्राउझरलाच कळतं. जुना ब्राउझर न कळलेली गोष्ट मुकाट सोडून देतो आणि जे ज्या क्रमाने लिहिलंय ते एकाखाली एक मांडतो. म्हणजे आधी तीन फोटो, मग तिघींची माहिती. तिसरीच्या फोटोला खालून चिकटते ती पहिलीची माहिती. जुन्यांसाठी वेगळी सोय करून ठेवावी लागते, हे व्हिडिओतही सांगितलं होतं. फुकटच्या कामात एवढं कोण करतं, म्हणून मी ते सोडलं.

मेळाव्याच्या दिवशी सचिव मला शोधत मंडपाच्या मागे आले. हातात त्यांच्या पोराने वापरून दिलेला जुना मोबाईल. म्हणाले, "भाऊ, माह्या मोबाईलवर सारं गिचमिड दिसून राह्यलं." त्या वेळी स्टेजवर सत्कार चालले होते. मंडपवाल्याचा झाला, माईकवाल्याचा झाला, माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. मी चारचौघांत म्हटलं, "मोबाईल बदला न मंग." लोक हसले. ते मोबाईल खिशात ठेवून निघून गेले.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. अहेरीकडच्या एका घरून विचारणा झाली होती, मुलगा वनरक्षक. पान पाहूनच त्यांना मुलगी पसंत पडली होती, आता भेटायला येणार होते. मी सकाळीच कुरखेड्याला पोचलो आणि पाहुणे यायच्या आधी भावजींना दोनदा सांगितलं की हे कोणामुळे जमून आलं.

मुलगा, त्याची आई आणि मामा आले. जय भीम झालं, पाणी झालं. भाची पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं, जणू अजून कोणी यायचं आहे. पोहे हातात तसेच राहिले. मग त्यांनी जरा सांभाळूनच विचारलं, "चष्मा नाई लावला काय बाई आज?"

"मले चष्मा नाईच," भाची म्हणाली.

बाईंनी मोबाईल काढून भावजींपुढे धरला. चष्मा लावलेली, वेणी पुढे घेतलेली एक मुलगी, आणि तिच्या लगेच खाली माझ्या भाचीचं नाव, शिक्षण, गाव. मुलाचा मामा दुसरीकडे पाहत म्हणाला की फोटो एकीचा आन् मुलगी दुसरीच, असं लोक करतात म्हणून ऐकलं होतं. भावजींचा चेहरा उतरला. त्यांनी आयुष्यात कोणाला फसवलं नव्हतं.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं, किंवा हात जोडायला हवे होते. पण मला राग आला. मी म्हटलं, चूक पानाची नाही, तुमच्या मोबाईलची आहे, असले जुने मोबाईल आता कोणी वापरत नाही, कचऱ्यात टाका. रकाने, ग्रिड, ब्राउझर, सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. बहीण मला खुणावत होती.

बाई शांत होत्या. म्हणाल्या, "मोबाईल जुना आहे भाऊ. पन आम्ही तर चेहरा पाहूनच येवढ्या लंबून आलो न."

भाचीने त्यांच्या हातून मोबाईल घेतला आणि पान वर सरकवलं. सगळ्यात वर तिचाच फोटो होता. खाली ना नाव, ना गाव. त्याखाली दुसरीचा फोटो, मग ती चष्मेवाली. बाईंनी वाकून पाहिलं आणि खरोखरच ओशाळून म्हणाल्या, "वरचे दोन तर आमाले जाहिरातीचे वाटले."

मुलगा मान खाली घालून हसू दाबत होता. भाचीने मोबाईल परत केला आणि माझ्याकडे वळली.

"मामा, मले वर लावाले कोनं सांगतलं होतं?"

मी पोह्यांच्या बश्या गोळा करू लागलो. पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. भावजी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. मी भाचीला म्हटलं की आजच दुरुस्त करतो, आणि तुझा फोटो आणखी मोठा करतो, वाटल्यास रंगीत चौकट घालतो. घासाघीस करायची सवय अशा वेळीही सुटत नाही. ती म्हणाली, "माझं नाव जिथी येते तिथी ठेवा. नाईतर काढूनच टाका."

तिच्या अक्षराप्रमाणे ती सातव्या ओळीत मधोमध येत होती. मी ग्रिड काढलं. फोटो आणि त्याखाली त्याचीच माहिती, अशा एकाखाली एक साध्या चौकटी केल्या. पान लांबलचक आणि बेंगरूळ झालं. मग ते जुन्या मोबाईलवर बघायला सचिवांच्या घरी गेलो, कारण तसा मोबाईल माझ्या ओळखीत त्यांच्याकडेच होता. ते अंगणात धान वाळवत होते. मी काय ते सांगितलं. त्यांनी हात पुसले, मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाहा. बदलला नाई अजून."

पान सरकवत मी अगदी तळापर्यंत पोचलो, तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलाची आई होती, पानाच्या तळाशी माझा नंबर होता. आवाजात संकोच होता. म्हणाल्या, राग मानू नका, तुमच्या भाचीत काहीच खोट नाही, पण पोराच्या मनात ती चष्मेवालीच बसली आहे. पानावर कोणता नंबर कोणाचा ते कळत नाही, तिच्या घरचा मिळेल काय?

ओठांवर शिवी आली होती. सचिव पायाने धान पसरवत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. मी त्यांच्या मोबाईलवर पान उलटं वर नेलं. वाटेत भाची आली, फोटोखाली तिचंच नाव. तिला ओलांडून आणखी वर गेलो. वरून दुसरीच चष्मेवाली सापडली, तिच्याखाली तिचीच माहिती होती, जशी पहिल्यापासून असायला हवी होती.

मी नंबर वाचून दाखवला. बाईंनी पुन्हा सांगा म्हटलं, तेव्हा पुन्हा वाचला.