पाटीला लावलेला हात

कळंबोलीच्या लोखंड बाजारात डोक्यावर सळई आदळली, त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास गेला नाही. तो गेला पुढच्या पाच महिन्यांत, हळूहळू. स्कॅनमध्ये काही निघालं नव्हतं, टाके सुकले होते. तरी मान वळवली की भोवळ यायची, ट्रकचा हॉर्न डोक्यात घुसायचा. कामोठ्यातल्या घरात मी पडदे ओढून पडून राहायचो. देव्हाऱ्यापुढे बसणंही सोडलं. इतकी वर्षं पूजा केली, त्याला माझं एक डोकं सांभाळता आलं नाही, असं मनात यायचं.

पनवेलच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं तेव्हा मी चिडलोच. "म्हणजे मी नाटक करतोय?"

"नाही, तुमची भोवळ खरी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ती आली की तुम्ही घाबरता आणि घाबरलात की ती वाढते. रोज थोडं चाला. भोवळ आली तरी घरी पळू नका. ओसरेपर्यंत तिथेच थांबा."

बायकोने रोजच्या चालण्याची नोंद ठेवायला वही केली. पंधरा दिवस तिच्यात एकच नोंद होती: जिन्यावरून परत.

सोळाव्या दिवशी सकाळी मी एकटाच गावदेवीच्या देवळाकडे निघालो. श्रद्धेने नव्हे, तिला जाब विचारायला. जुन्या गावाच्या वळणावर एका रिक्षाने कर्कश हॉर्न दिला आणि रस्ता फिरू लागला. मी भिंत धरली. अंगाला दरदरून घाम सुटला. परत फिरणार, इतक्यात मासळीची पाटी खाली ठेवून टेकलेली एक कोळीण म्हणाली, "दादा, पाटी उचलाय जरा हात लाव."

"मला चक्कर येतेय, मावशी."

"येऊ दे ना. पाटी दोगांनी धरली का पडनार नाय."

नाही म्हणवेना. वाकलो तशी जमीन वर आल्यासारखी वाटली. पाटीची ओली कड हातातून निसटत होती, पण सोडली नाही. पाटी तिच्या डोक्यावर गेली. मी उभाच होतो. भोवळ आली होती आणि थोड्या वेळाने आपली आपण निघूनही गेली. इतक्या महिन्यांत तिला जाताना मी प्रथमच पाहिलं. एरवी तिच्याआधी मीच पळायचो.

देवळात पोचलो, पण जाब विचारायचा राहूनच गेला. खांबाला टेकून पोटभर रडलो.

ती कोळीण देवी होती असं मी म्हणणार नाही. ती उरणकडची, पुढेही बरीच वर्षं गावात मासे विकत होती. एकदा तिला तो दिवस सांगितला, तर हसली. "मी तं रोज कुनाला ना कुनाला हात लावाय सांगते."

पूर्ण सावरायला वर्ष गेलं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे रोज चाललो. आधी देऊळ, मग भाजीबाजार, शेवटी लोखंड बाजारातला सळयांचा खणखणाट. देवीला शरण जायचं म्हणजे सगळं थांबवून वाट पाहायची, असं मी आधी समजत होतो. आजही क्वचित भोवळ येते. ती घालव, असं आता देवीकडे मागत नाही. एवढंच म्हणतो, आई, ही आली आहे, तूही आहेस, मी चालतोय.