चाक त्यायचं, पाय माहे

कात्री हातात आली की ती आधी धार बघायची नाही. कानाजवळ नेऊन उघडायची, हळूच मिटायची आणि आवाज ऐकायची. मग आमच्याकडे वळून म्हणायची, “कागद कापला ना वं कोणीतरी?”

वर्गातल्या मुली माना खाली घालायच्या. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, हे मी रोज सांगत असे. पकडायची मात्र तीच.

लकडगंजाजवळ माझा शिवणवर्ग होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. धार लावायला आधी तिचा नवरा यायचा, खांद्यावर लाकडी घोडा आणि त्यावर पायाने फिरवायचं सहाणेचं चाक घेऊन. एक दिवस तोच घोडा खांद्यावर घेऊन ही आली.

“मालक कुठे आहेत?” मी विचारलं.

“खोकून राहिले. डाक्टरनं निजून राहा म्हटलं. चाक त्यायचं हाये, पाय माहे.”

मी कात्र्या दिल्या. समोरच्या रांगेतल्या शिंप्यांनी दिल्या नाहीत. त्यांच्यातले वडीलधारे मास्तर तर हसले, “पोळपाट-लाटणं आहे का हे?” घरी आजारी नवरा, दोन लहान पोरी. तरी त्याच रांगेतून ती रोज खणखणीत आवाज देत जायची.

एका सकाळी कापड बेतायची आमची मोठी कात्री फरशीवर पडली. पात्याला खाच पडली. मुलींची परीक्षा आठवड्यावर आली होती. मास्तरांनी कात्री उलटसुलट करून परत दिली. “फेकून द्या बाई. हिचं आता काही होत नाही.”

धारवाली आली तेव्हा मी तीच कात्री तिच्यापुढे धरली. ती उंबऱ्यात बसली. स्क्रू सोडून पाती वेगळी केली. कात्रीला धार लावताना तुम्ही कधी नीट पाहिलंय का? घाईतला माणूस पात्याची आतली सपाट बाजूही चाकावर धरतो, आणि कात्री कायमची बिघडते. तिनं आतल्या अंगाला चाक लागू दिलं नाही. बाहेरच्या उतारावर घासायचं, तापलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. दुपारचं ऊन तिच्या पाठीवर आलं.

“नसेल जमत तर राहू दे,” मी म्हटलं.

“जमून राहिलं ना बाई. घाई काहून करता?”

खाच गेली तेव्हा तिनं मलमलची चिंधी भिजवली. बोथट कात्रीत मलमलचं ओलं कापड नुसतं दुमडतं. हिच्या हातून ते टोकापर्यंत सरळ कापलं गेलं.

मी तिला तशीच मास्तरांकडे नेलं. तिथे तिनं दुसरी चिंधी कापली. मास्तर दोन्ही तुकडे उजेडात धरून बघत राहिले. मग खण उघडून त्यांनी स्वतःच्या वडलांची कात्री तिच्यापुढे ठेवली.

“सांभाळून कर वं,” एवढंच म्हणाले.

महिन्याभरात अख्खी रांग तिची झाली. पुढे काही वर्षांनी मास्तरांनीच कळमेश्वरच्या एका कारखान्यात शब्द टाकला. तिथे यंत्रांच्या पात्यांना धार लावायला तिला ठेवून घेतलं, आणि आमच्या गल्लीत तिचं येणं थांबलं.

एकदाच दिसली, बसस्टँडवर. कळमेश्वरच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. खाली नवरा उभा होता, बारीक पण ताठ, तिचा डबा वर देत.

“जा ना आता घरी, ऊन होऊन राहिलं,” ती त्याला म्हणाली.

त्यानं मान हलवली. बस निघाली, वळली, दिसेनाशी झाली. तो मात्र धूळ खाली बसेपर्यंत तिथेच हात वर करून उभा होता.