बोर्ड झोपवणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा दिवसभर एकच उद्योग चालायचा, झोपवण्याचा. नातवंडांना नव्हे, ती पुण्यात. काका इलेक्ट्रॉनिक बोर्ड झोपवायचे. काडेपेटीहून लहान बोर्ड, त्यावर हालचाल ओळखणारा सेन्सर आणि खाली बटन सेल. काही हललं की बोर्डानं जागं व्हायचं, नोंद करायची आणि मुकाट पुन्हा झोपायचं. झोप जितकी गाढ, तितका सेल जास्त टिकणार. "जागं राहायला काय अक्कल लागते गं? टीव्हीपन जागाच असतो," असं म्हणून ते करंट मोजायचा मीटर माझ्या नाकासमोर धरायचे. काटा शून्याला चिकटलेला दिसला की मुलगा बोर्डात पहिला आल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे झोपकाका म्हणायचे. मूळचे उरणकडचे, बंदरात क्रेनचे इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले. मी कॉलेजात गणित शिकवते. त्यांच्या बाथरूममधून आमच्या छतात पाणी ठिबकतं म्हणून तावातावानं भांडायला वर गेले, आणि हाताला सोल्डरिंगचा चटका घेऊन खाली आले. मग माझे सगळे रविवार तिथेच जायला लागले. पाणी ठिबकायचं राहिलं नाही ते नाहीच.

त्या बाथरूमची तर गोष्टच निराळी. दिव्याला बटणच नाही, सेन्सर. माणूस हलला तर उजेड, शांत बसला की अंधार. माझे सासरे एकदा तिथे गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले ते घामाघूम. "आत हातवारे करत बसावं लागतं का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "तेवढाच व्यायाम."

देवळातून चपला चोरीला जातात म्हणून त्यांनी स्वतःच्या चपलेत बोर्ड बसवला. कुणी उचलली की पीं पीं. संकष्टीला ऐन आरतीत पिपाणी सुरू झाली, लोक एकमेकांच्या मोबाइलकडे रागानं बघायला लागले आणि काका ताट सोडून बाहेर धावले. चोर शहाणा निघाला. त्यानं वाजणारी चप्पल तिथेच टाकली आणि शेजारची काकूंची नेली. काकू अनवाणी घरी आल्या. काका वाटभर सांगत होते, "पन सेन्सर चालला का नाय? ते बोल." काकू बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग त्यांनी मनगटावर बांधायचे दोन सारखे बोर्ड केले. एक स्वतःला, एक काकूंना. दिवसभरात हात किती हलतो ते मोजायचं, हात स्वस्थ असला की झोपायचं. काकूंचा सेल टिकला. काकांचा आठवड्यात गेला. काकांनी सेलवाल्याला शिव्या दिल्या, पनवेलच्या दुसऱ्या दुकानातून सेल आणले. तेही गेले. मग बोर्डात मी घातलेल्या प्रोग्रॅमला शिव्या. मी तो ओळ न् ओळ तपासला, काही सापडलं नाही. शेवटी दोघांचे बोर्ड अदलाबदल केले. आता काकूंच्या हातावर काकांचा बोर्ड सुखानं झोपला, आणि काकांच्या हातावर काकूंचा मरायला लागला. काका गंभीरपणे म्हणाले, "हिच्या बोर्डालापन रोग लागला."

हसू नका. आम्ही दोघं त्या रोगामागे अख्खा पावसाळा लागलो होतो. रेझिस्टर बदलले, तारा बदलल्या, नवीन बोर्ड केले. एका रविवारी नोंदी काढून आलेख मांडला. काका हात खुर्चीवर टेकून बातम्या बघत होते, त्या वेळेलाही बारीक, एकसारख्या लाटा उठलेल्या. "या वेळी हात स्वस्थ होता माझा. हा कचरा हाय, सर्किटातला," काका म्हणाले. मी मान डोलावली.

चहा घेऊन आलेल्या काकू तिथेच थांबल्या. "अवो, सर्किट नंतर बघा. आदी तुमचा हात बघा."

आम्ही पाहिलं. मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरत होता. अगदी बारीक, त्या आलेखासारखा.

"मी कवापासून तुमाला अर्धाच कप चहा देते. भरला तर सांडता म्हनून," काकू म्हणाल्या. "तुमी कवा इचारलंत का?"

काकांनी कप उचलला नाही. "म्हंजे बोर्ड बरोबर हाय," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर विचारायचे, कसं वाटतंय? काका सांगायचे, "सेल गेल्या वेळेपेक्षा जास्त टिकला." डॉक्टर माझ्याकडे बघायचे. काकूंना मात्र ते हिशेबात धरायला आवडे. सेल टिकला की घरात गोड व्हायचं. सोल्डरिंग माझ्याकडे आलं आणि काका शेजारी बसून माझ्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवायला लागले. टाके वाईटच होते.

गेल्या वर्षी दोघांनी गावी जायचं ठरवलं. जायच्या दिवशी काकांनी मला गॅलरीत बोलावलं. दार लोटून घेतलं. "सेल परत लवकर जायला लागलेत. हिला नाय सांगितलं. मला एक मोठं पाकीट आणून दे, मी लपवून बदलेन." मी धावत जाऊन आणलं. मला त्या गोळ्यांचा, त्या हाताचा, सगळ्याचाच राग आला होता.

खाली टेम्पोत सामान चढत होतं. काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

"बाय, यांच्या त्या पट्टीला कुठला सेल लागतो? मला आणून दे थोडे. यांच्या डब्यातले सरत आले की मी गुपचूप भरीन. म्हंजे यांना वाटंल, जास्त टिकतात."

मी त्याच दुकानात परत गेले. दुकानदारानं विचारलं, "ताई, एवढे सेल कशाला?" मी पैसे मोजले. तसंच दुसरं पाकीट आणून काकूंच्या हातात दिलं, त्यांनी ते पदरात गुंडाळलं आणि त्या टेम्पोत काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. टेम्पो पळस्प्याच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघंही माझ्याकडे बघून हसत होते.