सहा किलोमीटर पाणी

गौसभाईंचं भवानी पेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेला पंप त्यांच्या हाती दिला की दुसऱ्या दिवशी पाणी ओढणारच. पण बहीण सरदारबी गेली आणि त्यांचं दुकानातलं लक्षच उडालं. उजनी धरणाकाठच्या तिच्या गावात, उसात तिला साप चावला. दवाखाना समोरच्या तीरावर. रस्त्यानं साठ किलोमीटर, पाण्यातून सहा. बिरुदेव मच्छीमारानं जीव तोडून होडी वल्हवली. तास लागला. सरदारबी पाण्यावरच गेली.

"मोटर मला येते, मग बोट का नाही?" गौसभाई पेटले. विजेवर सुसाट पळणारी बोट बिरुदेवाच्या घरापाशी कायम चार्ज करून ठेवायची. वेग घेताच बोटीनं नाक उचलून पाण्यावर घसरायला हवं, पण पहिली बोट पाण्यात बसली ती उठेचना. जोर वाढावा म्हणून बॅटऱ्या वाढवल्या, तर वजनानं आणखी खोल बसली. मग मोठी मोटर, तिला आणखी बॅटऱ्या. दुसरी बोट वळताना उलटली. दोन वर्षं गेली. त्यातच बिरुदेवाची बायको निंगव्वाही बाळंतपणात, होडीतून दवाखान्यात नेताना, अशीच अर्ध्या पाण्यात गेली. गौसभाईंना अन्न गोड लागेना.

शेवटी सरदारबीची मुलगी समरा बोलली. ती इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होती.

"मामू, तुम्ही आधी बनवता आणि मग विचार करता. माणसं किती, वजन किती, वेळ किती, ते आधी कागदावर ठरवू."

दोघांनी थर्माकोलच्या हातभर होड्या कापल्या, त्यांत प्रमाणात वजनं ठेवली आणि ओढ मोजणाऱ्या ताणकाट्याला बांधून हौदातून सारख्या वेगानं ओढल्या. ओढ कमी, ती होडी बरी. अकराव्या होडीनंतर समरानं हिशोब पुढे ठेवला.

"पेशंट घेऊन पाण्यावर उडणारी बोट आपल्याच्यानं होणार नाही. लांब, निमुळती, हलकी बोट होईल. पंचवीस मिनिटं लागतील."

गौसभाईंनी कागदावर होडीच्या साठ मिनिटांतून पंचवीस वजा केली. "अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचली असती," असं सरदारबीला तपासून डॉक्टर म्हणाले होते.

"म्हणजे एवढीच पुरली असती? आणि मी दोन वर्षं वेगाच्या मागं..." ते हौदापाशी उभ्या बिरुदेवाकडे वळले. "तुझी निंगव्वा..."

"भाई, ते नगा बोलू," बिरुदेव म्हणाला. "ही पाण्यात कवा घालताय, तेवढं सांगा."

तीन महिन्यांनी, समोरच्या वाऱ्यात, बोट सत्तावीस मिनिटांत पलीकडे लागली. समरानं घड्याळ दाखवलं. बिरुदेव खाली उतरलाच नाही. पेशंटला निजवायच्या रिकाम्या फळीवर हात ठेवून तो कितीतरी वेळ बसून राहिला.