पाय उचला, मावशी

संघमित्रा मेश्राम बालाघाटात फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय तपासायचे, हलवून घ्यायचे, हे तिचं काम. दिवसभर ती हिंदीतच बोलते. "पैर उठाओ, घुटना मोड़ो, थोड़ा और." कटंगीला आई होती तोवर रोज फोनवर मराठी व्हायचं. आई गेली, भाऊ भोपाळचाच झाला, आणि भाड्याच्या खोलीत मराठी बोलायला कुणी उरलं नाही.

म्हणून गोदाबाईंच्या घरी पहिल्यांदा गेली तेव्हा खाटेवरून आलेलं "कोण वो?" ऐकून ती दारातच थबकली.

गोदाबाई मूळच्या राजेगावच्या. नवरा वारल्यापासून एकट्या राहायच्या. एका सकाळी चहा ठेवताना पडल्या, त्या थेट दुपारी शेजारणीला दिसल्या. डावी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणल्यावर मुलगी अंजना गोंदियाहून येऊन राहिली होती.

"तू कुठची वो पोरी?"

"कटंगीची."

"मंग मराठीच बोल माह्यासंग."

संघमित्रानं डावा पाय हातात घेतला. ओल्या पोत्यासारखा जड आणि सैल. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली, काहीच झालं नाही. "मावशी, पाय उचला." गोदाबाईंनी डोळे मिटले, कपाळावर आठ्या आल्या.

"उचलला ना वो."

"नाही उचलला, मावशी."

त्यांनी डोळे उघडून पायाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

काही आठवडे असेच गेले. मग एका दिवशी हातोडी लागताच पाय ताडकन उडाला. अंजना स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, पाय हालला! हालला ना वो!" तिनं खिडकीतून शेजारणीला हाक मारली. गोदाबाई एका गालानं हसत होत्या.

संघमित्रानं चांगल्या पायावर हातोडी मारली. तो जेमतेम हलला. डावा त्याच्या कितीतरी पट उडत होता. तिनं हातोडीच्या दांड्यानं डाव्या तळव्यावर रेघ ओढली, तर अंगठा खाली जायच्या ऐवजी वर आला. पाऊल वर दाबलं तर ते थडथडायला लागलं, थांबेना. तिनं हात काढून घेतला.

"ताई, हा पाय आपोआप उडून राह्यला," ती अंजनाला म्हणाली. "मेंदूचा ताबा सुटला का असा उडते. मावशीनं स्वतः उचलला तर तो खरा."

शेजारीण आली तशी गेली.

"मंग हा माहा पाय नोहे काय?" गोदाबाईंनी विचारलं.

"तुमचाच आहे, मावशी. तुमचं म्हणणं त्याले ऐकू जाऊन नाही राह्यलं अजून."

"माहंबी कोणाले ऐकू जात नव्हतं त्या दिवशी. लय हाका मारल्या मी."

संघमित्रा त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या संध्याकाळी खोलीवर भाजी फोडणीला टाकताना तिनं दाराची कडी लावली, थोड्या वेळानं जाऊन काढली, आणि दार तसंच लोटून ठेवलं.

व्यायाम चालूच राहिले. एकदा अंजना बाजारात गेली होती. "टाच गादीवरून मागं ओढा," संघमित्रा रोजच्यासारखं म्हणाली, आणि टाच सरकली. थोडीशीच, पण चादरीला चुणी पडली.

"पाह्यलं काय?" गोदाबाई म्हणाल्या.

"पाह्यलं."

पाहायला दुसरं कुणी नव्हतं. त्या दोघी बराच वेळ त्या चुणीकडे बघत होत्या.

पुढं वॉकर धरून गोदाबाई उंबऱ्यापर्यंत जाऊ लागल्या. पण अंजनाची मुलं गोंदियाला वाट पाहत होती. शेवटी ती आईला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं आणि संघमित्राचा दिवस पुन्हा हिंदीत सुरू होऊन हिंदीत संपू लागला.

महिनाभरानं गोदाबाईंचा फोन आला. "इथं सगळे म्हणतात बसून राह्य. पाय उचल कोणीच म्हणत नाही."

रविवारी ती बसनं गोंदियाला गेली. वॉकर गॅलरीत होता, त्यावर टॉवेल वाळत होते. गोदाबाईंचं डावं पाऊल आखडून खाली ओढलं गेलं होतं.

"चालवत नाही काय यांना?"

अंजनाचे डोळे भरले. "पडली तर, मॅडम? एकदा पडली तेव्हा मी नव्हती जवळ."

संघमित्रानं टॉवेल काढून दोरीवर टाकले. अंजनाला कमरेला कुठं धरायचं ते दाखवलं. तिघी गॅलरीपर्यंत गेल्या, परत आल्या. गोदाबाईंना धाप लागली, पण त्या पुन्हा उठायला बघत होत्या.

आता संघमित्रा जमेल त्या रविवारी जाते. ते पाऊल कधीच पूर्ण सरळ होणार नाही, हे तिला आणि गोदाबाईंनाही माहीत आहे. गोदाबाई एकट्या गॅलरीत जाऊन बसतात, खालचा रस्ता बघतात. संघमित्रा आली की अंजना तिचं ताट वाढते. जेवण होतं, पाय तपासून होतो, मग बोलण्यासारखं फारसं उरत नाही. तरी संघमित्रा आणि गोदाबाई शेजारी बसून राहतात. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरलं की गोदाबाईच म्हणतात, "निघ पोरी, बस हुकून जाईन."

ती उठते आणि चपला घालते.