आईच्या दारावरचं अक्षर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आई चौऱ्याऐंशी वर्षं जगली. रेवदंड्याजवळच्या एका गावात, तेल्याच्या घरात जन्मली — शनिवारी घाणा बंद ठेवणारे आम्ही, कोकणातले ज्यू. मुंबईत येऊन ती नर्स झाली. भांडुपच्या आमच्या चाळीतली निम्मी पोरं पहिल्यांदा तिच्याच हातांत रडली. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची, नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटायची आणि मधे लुडबुडणाऱ्याला उलथनं दाखवायची. मी तिचा लाडका. हेही सांगायला हवं.

आमच्याकडे दाराच्या चौकटीला मेझुझा असतो. बोटभर नळी, आत चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली प्रार्थना. जाता-येता तिला बोटं लावायची, बोटांचा मुका घ्यायचा. आमचा मेझुझा आईच्या आईचा. पितळी, पुढे काचेची छोटी खिडकी, तिच्यातून एक हिब्रू अक्षर दिसायचं — तीन दांड्यांचं. आईला हिब्रू वाचता येत नसे, पण ते अक्षर ती ओळखायची.

ब्याऐंशी साली आम्ही मुलुंडला ब्लॉक घेतला. सामान हलवताना नळी चेपली. ती ठोकून आणायला निघताना आतली गुंडाळी मी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. आईनं बजावलं होतं, "खिशात नको रे ठेवूस, विसरशील." विसरलो. शर्ट धुवायला गेला. चामडं उरलं, शाई वाहून गेली.

तेव्हा सांगता आलं असतं. आई दोन दिवस बोलली नसती, एवढंच. नवी गुंडाळी सिनेगॉगमधून मिळाली असती. मग का नाही सांगितलं? तिचं तोंड बघवलं नसतं म्हणून? नाही हो — मला बोलणी खायची नव्हती. चाळिशीतला बाप्या मी.

मुलीच्या वहीचं पान फाडलं. काळ्या बॉलपेननं त्यावर तीन दांड्या काढल्या. पान गुंडाळून नळीत सरकवलं आणि नळी नव्या दाराला बसवली. आईनं चष्मा वर करून बघितलं.

"अक्षर नवं दिसतंय रे?"

"काच पुसलीय ना."

सात वर्षं तिनं त्याला बोटं लावली — बाजारात जाताना, दवाखान्यातून येताना, सणाला नवं लुगडं नेसून. सुरुवातीला ती दाराशी गेली की मी आत निघून जायचो. मग जाईनासा झालो. सवय झाली. अशा गोष्टीची सवय होते का? — होते.

शेवटचे तीन महिने ती अंथरुणातच होती. रोज सकाळी म्हणायची, "माझ्या वतीनं तू हात लाव." मी दाराशी जायचो, नळीला बोटं लावायचो, परत येऊन तीच बोटं तिच्या ओठांना टेकवायचो. ती डोळे मिटायची. मग मी चहा ठेवायला जायचो.

ती गेल्यावर मोठी बहीण, रिबेका, इस्रायलहून आली. मेझुझा तिला द्यायचा, असं आईनं सांगून ठेवलं होतं. स्क्रू मीच काढले. रुमालात गुंडाळून तो तिच्या हातात दिला. ती रडली, मी नाही.

आता तो तिच्या दाराला आहे. नातवंडं शाळेत जाताना त्याला हात लावून मुका घेतात, असं ती पत्रात लिहिते. आईच घरात आहे असं वाटतं, म्हणते.

मी उत्तर लिहितो — वाचून बरं वाटलं.